दम्याचा अटॅक: घरी कुठवर थांबायचं आणि दवाखाना कधी गाठायचा?

सातरस्ता
ज्वारीची रास सुरू झाली की आपल्याकडे सोलापुरात दम्याचे पेशंट वाढतात. भुसकट, वारा, वर पहाटेचा गारवा. या दिवसांत एकच प्रश्न दहा जण दहा तऱ्हेने विचारतात, म्हणून एकच धागा काढतोय. कुठलं औषध चांगलं, हा प्रश्न नाही. रात्री दोन वाजता धाप वाढली तर पंप मारून घरी थांबायचं की उठून कॅज्युअल्टी गाठायची, हे घरातल्या माणसानं कशावरून ठरवायचं? "उजाडलं की बघू" हे या आजारात महागात पडतं, कारण दम्याचा जोर असतोच मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे. ज्यांना माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट लिहा. अनुभवांचा धागा वेगळा आहे, ते तिकडे.

केसपेपर
घरचे लोक घरघर किती मोठी आहे त्यावर अंदाज बांधतात. आवाज हे सगळ्यात फसवं लक्षण. त्यापेक्षा बोलणं ऐका.

पेशंटला स्वतःचा पत्ता सांगायला लावा. घर नंबर, गल्ली, पेठ, शेजारचं देऊळ. सगळं एका दमात निघालं तर हातात थोडा वेळ आहे. दोन-तीन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला तर अटॅक तीव्र आहे, दवाखान्याची तयारी करा. एकेक शब्द तुटत येतोय किंवा नुसती मान हलवतोय, तर पुढचं काही तपासत बसू नका. १०८.

मग श्वास मोजा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एक श्वास चुकला की चार चुकतात. "तुझा श्वास मोजतोय" असं सांगू नका, माणूस लगेच श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि नजर पोटावर ठेवा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ किंवा वर, नाडी ११० किंवा वर असेल तर हा घरी सांभाळायचा अटॅक नाही. नाडी पंप मारायच्या आधी मोजा, पंपातल्या सालब्युटामॉलनं ती तशीही वाढते.

तिसरं, सदरा काढून बघा. ब्लाउज, बनियन, स्वेटर, जे असेल ते सैल करा. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय का? मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ होतायत का? पेशंट कॉटच्या काठावर हात टेकून पुढं वाकून बसलाय आणि आडवा हो म्हटलं तर होत नाही, असं आहे का? तर छातीचे नेहमीचे स्नायू पुरे पडत नाहीत, मान-खांद्याचे उसने घेतलेत. असं माणूस फार वेळ ओढू शकत नाही.

शेंगाचटणी
आणि घरघर आपोआप थांबली तर? बरं वाटतंय असंच समजतात ना सगळे?

केसपेपर
तिथंच घात होतो. शिट्टी वाजायला हवा आत-बाहेर जावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या की हवा जाईनाशी झाली, तर आवाज येणार कुठून? घरघर थांबली आणि त्याबरोबर माणूस नीट बोलायला लागला, पाणी मागायला लागला, आडवा झाला, तर बरं वाटतंय. घरघर थांबली पण माणूस मलूल झाला, डोळे मिटायला लागला, तर तो दमलाय. अशाला "बरं झालं, झोप लागली" म्हणून पांघरूण घालू नका. हाक मारून बघा, उत्तर काय येतंय ते ऐका.

हीच गोष्ट श्वासाच्या आकड्याची. ३० वर असलेला श्वास औषध न देता १४ वर आला आणि पेशंट गुंगीत आहे, तर तो आकडा चांगला नाही. कॅज्युअल्टीत रक्ताचा गॅस काढतात (रक्तातले वायू मोजतात), तिथंही हेच दिसतं. धापा टाकणाऱ्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. रिपोर्टवर तो "नॉर्मल" आला की डॉक्टर निवांत होत नाहीत, उलट धावपळ सुरू होते.

दयानंदकट्टा
सगळं मोजत बसायला वेळच नसतो त्या वेळी. न मोजता निघायची लक्षणं सांगा की सरळ.

केसपेपर
ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी. गुंगी, बरळणं, ओळख न पटणं. थकून मान टाकणं. घाम फुटून अंग गार पडणं. यातलं एकही दिसलं तर निघायचं. सावळ्या माणसाचे ओठ बघून कळत नाही, जीभ आणि हिरड्या बघा.

वाफारा
आता पंपाचं लिहितो, कारण थांबायचं की निघायचं हे शेवटी पंपाच्या उत्तरावर ठरतं.

निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, बहुतेकांच्या घरात अस्थालिन असतो. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. पेशंटला सरळ बसवा, पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी) लावा, एक पफ, चार ते सहा शांत श्वास. परत हलवा, परत एक पफ. अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतरानं असं करत मोठ्या माणसाला दहा पफपर्यंत द्यायचे. चार-पाचांतच आराम पडला तर तिथं थांबा. दहा देऊनही फरक नाही, किंवा मधेच बिघडतंय, तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत दहा मिनिटांनी परत तेच सुरू करा. पंप संपेल म्हणून हात आखडू नका, डब्यात २०० पफ असतात.

आराम पडला तरी घड्याळ बघा. पंपाचा असर चार तासांच्या आसपास टिकायला हवा. रात्री दहाला पंप, एकला परत, मग अडीचला, मग साडेतीनला, असं अंतर आक्रसत चाललं तर पंप पुरा पडत नाही. नळ्यांच्या आतली सूज वाढलेली असते आणि सूज निळ्या पंपानं उतरत नाही. प्रत्येक वेळी थोडं बरं वाटतं म्हणून लोक थांबतात आणि पहाटे उचलून न्यावं लागतं. दोन पंपांमधलं अंतर तीन तासांच्या आत आलं, की त्याच वेळी दवाखाना. कागदावर वेळ लिहीत जा, रात्री दोन वाजता आठवण दगा देते.

शेंगाचटणी
डॉक्टरांनी चिठ्ठीवर "दोन पफ" लिहिलेत आणि तुम्ही दहा सांगताय. हार्टला त्रास नाही व्हायचा?

वाफारा
शेंगाचटणी, दोन पफ हे रोजच्या बारीकसारीक त्रासासाठी असतात. तीव्र अटॅकमध्ये दर २० मिनिटांनी ४ ते १० पफ, असा पहिला तास, हे मोठ्यांसाठी जगभरच्या गाइडलाइनमध्येच आहे. हात थरथरतात, छाती धडधडते, पायात गोळे येतात. ते औषधामुळे, आणि उतरतं. प्राणवायू कमी पडल्यानं हृदयाला जो धोका होतो तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा. ज्यांना हृदयाचा ठोका चुकायचा आजार आहे त्यांनी स्वतःचा आकडा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

दुसरा घोळ. ज्यांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (फोराकॉर्ट वगैरे) दिलाय आणि डॉक्टरांनी "त्रास झाला तर हाच वाढवा" सांगितलंय, त्यांचा हिशोब वेगळा. २००/६ च्या पंपाचे एका खेपेला सहा आणि रोजचे धरून दिवसाला बारा, यापुढं नाही. मात्र सालमेटेरॉल असलेला पंप (सेरोफ्लो वगैरे) अटॅकमध्ये मारून काही होत नाही, तो चढायलाच वेळ घेतो. जांभळा आणि निळा अंधारात बदलला, असं होऊ शकतं. निळ्याला रबरबँड गुंडाळून ठेवा, हाताला कळतं.

कडकभाकरी
रोटाकॅपवाल्यांचं काय? आमच्या भागात अर्ध्या लोकांकडे तेच यंत्र आहे, कॅप्सूल टाकून ओढायचं.

वाफारा
कोरडी पूड जोरात ओढावी लागते. ज्याला दोन शब्द बोलवत नाहीत तो ओढणार कसा? पूड तोंडातच राहते आणि "औषध लागू पडेना" असं वाटतं. रोजच्यासाठी रोटाहेलर असला तरी घरात एक साधा पंप आणि स्पेसर असलाच पाहिजे.

स्पेसर नाही आणि रात्र आहे, तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिक बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडायचं. कात्रीनं वेडंवाकडं कापण्यापेक्षा तार तापवून तो आकार वितळवला तर पंप घट्ट बसतो. कडेनं चिकटपट्टी गुंडाळा, हवा गळता कामा नये. पेशंटनं बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत यावर नीट अभ्यास झालाय, १९९९ साली, मुलांमध्ये. अशी बाटली बाजारच्या स्पेसरच्या बरोबरीनं उतरली. प्लॅस्टिकवर स्थिर वीज असते, औषध भिंतीला चिकटतं, म्हणून बाटली असो की स्पेसर, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की वीज परत आली. दर आठ-पंधरा दिवसांनी धुवा, आजच धुऊन ठेवा. अटॅकच्या वेळी धूत बसू नका, दहा पफ तसेच मारले तरी चालेल.

चुका नेहमीच्या: पंप न हलवता मारणे, एकदम दोन पफ स्पेसरमध्ये सोडणे, टोपण न काढणे (हसू नका, होतं), आणि महिनाभर न वापरलेला पंप आधी हवेत दोन-तीनदा न मारणे. पंप रिकामा आहे का ते पाण्यात टाकून बघायची जुनी युक्ती सोडा. औषध संपल्यावर नुसता वायू राहतो, "फुस्स" आवाज येतच राहतो. आकड्याची खिडकी असलेला पंप मागा.

मंगळवारपेठ
वाफेचं मशीन घरात असेल तर?

वाफारा
मोठ्या माणसाला अडीच ते पाच मिलिग्रॅम सालब्युटामॉलची वाफ, आठ-दहा मिनिटं. असर स्पेसरवाल्या पंपाइतकाच, लाइट गेली की मशीन बंद, स्पेसरला लाइट लागत नाही. मशीनचा खरा धोका दुसराच: घरात मशीन आहे म्हणून लोक एकामागून एक वाफ घेत घरीच बसतात. पहिली वाफ झाल्यावर तासाभरात तिसरी लागतेय तर मशीन बंद करून निघा. आणि ट्यूब वाचून फोडा. ब्युडेकॉर्टची वाफ अटॅक मोडत नाही, ती सूज उतरवायची आहे. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

गरम पाण्याची, निलगिरीची वाफ, छातीला बाम, कापूर-ओवा तव्यावर: यातल्या धुरानं आणि उग्र वासानं नळ्या आणखी आवळतात.

सुंदराबाई
लहान मुलांचं वेगळं लिहा कोणी तरी. इथं आया वाचतात.

तान्हुला
ताई, लिहिते.

मुलांना पत्ता विचारता येत नाही, म्हणून दूध बघा. अंगावर पिणारं बाळ दोन ओढी घेऊन सोडतं, रडतं, परत धरतं, परत सोडतं, हा त्याचा "वाक्य तुटणं". मोठं मूल वरण-भात घास घेऊन चावता चावता थांबतं. खेळणं सोडून मांडीवर गप्प बसलेलं मूल दंगा करणाऱ्यापेक्षा जास्त आजारी असतं.

अंगातलं झबलं काढा, उजेडात आडवं न करता मांडीवर बसवून बघा. आपल्याकडे "पोट उडतंय" म्हणतात ना, ते खरंच बघायचं. श्वास आत घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत जाते, बरगडीखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात. छाती आत आणि पोट बाहेर असं उलटसुलट होत असेल, श्वास सोडताना कण्हल्यासारखा "हं" आवाज येत असेल, तर वाट बघायची नाही. मिनिटाचा आकडा: दोन ते पाच वर्षांचं मूल ४० च्या वर, पाच वर्षांवरचं ३० च्या वर, तेही रडत नसताना, तापात नसताना. रडताना मोजलेला आकडा सोडून द्या.

पाच वर्षांखाली मास्क लावलेल्या स्पेसरनं २ पफ, एकेक करून. मास्क नाका-तोंडावर घट्ट. बाजूनं फट राहिली तर औषध मुलाच्या गालाला जातं. मूल झोपलंय तेव्हा गुपचूप द्यावं असं वाटतं, पण मास्क लागला की ते जागं होऊन झटापट करतं. मांडीवर बसवून, टोपी घातल्यासारखा खेळ करून द्या. २० मिनिटांनी आराम नाही तर परत २, परत २० मिनिटांनी २. तीन खेपांत सहा पफ झाले आणि तरी लागतंय, किंवा आराम टिकायचा वेळ दर खेपेला कमी होतोय, तर घरी राहायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर इतकंही थांबू नका. त्या वयात घरघर ही बहुतेकदा दम्याची नसतेच, पहिल्यांदाच घरघर आली तर सरळ दाखवा.

आणि एक. शेंगा-चटणीच्या गावात हे सांगायलाच हवं: धडधाकट मूल दाणे खाता खाता अचानक ठसकलं, मग एका बाजूनं घरघर सुरू झाली, तर तो दमा नाही, शेंगदाणा श्वासनळीत गेलाय असं धरून चाला. पंपानं तो निघत नाही, दुर्बीण घालून काढावा लागतो. ठसका थांबला म्हणून सोडून देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा द्यायचाच नाही, कूट द्या.

पोटाला बिब्बा, डाग हे अजून होतं काही ठिकाणी. त्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

दयानंदकट्टा
ऑक्सिमीटरवर ९६ आहे, मग एवढं कशाला घाबरायचं? कोविडपासून प्रत्येकाच्या घरात आहे ते.

केसपेपर
९६ आकडा आणि तुटक बोलणं, यात बोलण्यावर विश्वास ठेवा. दम्यात प्राणवायू शेवटी घसरतो, तोवर पेशंट ताकद लावून तो टिकवून धरतो. म्हणून ऑक्सिमीटर वाईट सांगत असेल तर ऐका, चांगला सांगत असेल तर मान्य करू नका. ९२ च्या खाली असेल तर बाकी लक्षण काहीही असो, निघा. ९२ ते ९४ आणि धाप असेल तरी निघा. गरोदर बाईला ९५ च्या खाली नको. (गरोदरपणात पंप बंद करतात लोक, भीतीनं. बाळाला पंपानं नाही, आईला प्राणवायू कमी पडल्यानं त्रास होतो.)

नेलपॉलिश काढा, गार बोटं चोळून गरम करा, यंत्र लावून निदान अर्धं मिनिट हात स्थिर ठेवा. सावळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हे सिद्ध झालंय. म्हणजे आपल्या ९३ ला ९३ समजू नका, थोडा कमीच धरा.

त्यापेक्षा पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजायचं यंत्र) उपयोगी, पण ते फार थोड्यांकडे असतं. उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन, ओठ घट्ट लावून एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा धरायचा. बरं असताना दोन आठवडे रोज मारून स्वतःचा सर्वोत्तम आकडा काढून ठेवा. समजा तो ४०० आहे. ३२० च्या वर निवांत. ३२० ते २०० म्हणजे डॉक्टरांच्या योजनेप्रमाणे औषध वाढवा. २०० च्या खाली दवाखाना. १३० च्या आसपास आलं तर जिवावरचं आहे. शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला चालत नाही.

कुंभारीकर
न्यायचं कसं ते सांगा. विडी घरकुलाहून किंवा अक्कलकोटकडच्या खेड्यातून रात्री निघायचं तर नुसतं "कॅज्युअल्टी गाठा" म्हणून होत नाही.

हुतात्माएक्सप्रेस
१०८ ला फोन, फुकट आहे, गाडीत ऑक्सिजन असतो. फोनवर "दमा लागलाय" म्हणू नका, ते रोजचं वाटतं. म्हणा: "दम्याचा पेशंट, बोलता येत नाही, दहा पफ देऊन फरक नाही." मग गाव, वस्ती, मोठ्या रस्त्यावरची खूण. वाडी-वस्तीवर असाल तर एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

गाडी यायला उशीर असेल आणि जवळ चारचाकी किंवा रिक्षा असेल, तर थांबायचं की निघायचं? माझं मत: माणूस शुद्धीत आहे, बसू शकतोय, तर निघा आणि वाटेत पंप चालू ठेवा. गुंगीत असेल तर ऑक्सिजनवाल्या गाडीशिवाय लांबचा प्रवास नको, आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र गाठा, ऑक्सिजन-वाफ सुरू करून पुढं न्या. मोटारसायकलवर दोघांच्या मधे कोंबून नेतात, ते कटाक्षानं टाळा. छाती दाबली जाते, वारा-धूळ थेट तोंडावर, आणि मान टाकली तर मागच्याला कळत नाही. रिक्षात मागं सरळ बसवा, दोन्ही पडदे खाली, आडवं झोपवू नका.

शहरात सिव्हिलची (छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय) कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी. खासगीत जायचं तर आताच, दिवसा, फोन करून विचारून ठेवा: रात्री डॉक्टर हजर असतो का, आयसीयू आहे का, व्हेंटिलेटर आहे का. गल्लीतल्या दहा खाटांच्या दवाखान्यात तिन्ही नसतील, तर तिथं थांबलेला तास वाया. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सिद्धेश्वर मंदिर, होम मैदानाकडून गाडी काढायचा विचारही करू नका, लांबून वळसा घाला. (दम्याच्या माणसानं होम मैदानाच्या धुळीत आणि दारूकामाच्या धुरात जायचंच असेल तर पंप खिशात, घरी नाही.)

सोबत काय घ्यायचं: सगळे पंप, स्पेसर, वेळा लिहिलेला कागद, जुनी फाइल. दारातच तीन गोष्टी सांगा, विचारायची वाट बघू नका. किती पफ, किती वाजता. पूर्वी कधी आयसीयू किंवा व्हेंटिलेटर लागला होता का. कशाची ॲलर्जी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर अशा माणसाला वर सांगितलेल्या कुठल्याच आकड्याची वाट न बघता, त्रास सुरू झाला की आणावं. वर्षभरात ॲडमिट झालेला, स्टेरॉइडची गोळी नुकतीच संपवलेला, महिन्याला निळा पंप फस्त करणारा, हे सगळे त्याच रांगेत.

मंगळवारपेठ
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं घेतली की बसतो की दम. लोक तेच करतात.

केसपेपर
त्यातलं एक बहुधा डेरिफायलिन (नळ्या सैल करायचं जुनं औषध), दुसरं स्टेरॉइड. डेरिफायलिनची जागा तीव्र अटॅकमध्ये आता जवळपास राहिलेली नाही. वाफेइतका फायदा नाही, आणि मळमळ-धडधड-ठोका चुकणं फुकटात. स्टेरॉइड हवंच, लवकर हवं, पण त्याचा असर यायला तीन-चार तास जातात. तेवढा वेळ माणसाला सांभाळतो तो प्राणवायू आणि वाफ. इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात घरी पाठवलेला माणूस त्या मधल्या तासांत एकटा पडतो. कॅज्युअल्टीत काय व्हायला हवं ते माहीत असू द्या: प्राणवायू (मोठ्यांत ९३ ते ९५ वर ठेवतात), सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम (नळ्या सैल करणारं दुसरं औषध) यांची एकत्र वाफ दर वीस मिनिटांनी, स्टेरॉइड, आणि तरी ऐकत नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून वीस मिनिटांत. त्यानंतर काही तास नजरेखाली. "झोप येत नाही, घाबरलाय" म्हणून झोपेचं इंजेक्शन मागू नका. ते श्वासच मंद करतं.

घरातल्या इतर गोळ्या सांगा हेही राहिलं. अंगदुखीची डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन यांनी काहींना तासाभरात जोराचा अटॅक येतो, विशेषतः ज्यांच्या नाकात कोंब आहेत त्यांना. बीपी, थरथर किंवा अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रानोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब, दोन्ही दम्याच्या माणसाला नको. डोळ्यात टाकलेला थेंब छातीपर्यंत जातो हे डोळ्याच्या डॉक्टरला पेशंटनं सांगितलेलंच नसतं.

कडकभाकरी
मृगाला हैदराबादला जाऊन माशातलं औषध घेतात आपल्याकडचे बरेच जण. त्यावर?

केसपेपर
अण्णा, त्यानं दमा बरा होतो असा पुरावा नाही. कोणाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. अडचण मासा गिळण्यात नाही, "आता पंपाची गरज नाही" म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करण्यात आहे. मृग जूनमध्ये, म्हणजे पाऊस सुरू होताना, भिंतींना बुरशी धरताना, सर्दी-पडशाची साथ येताना पंप बंद. पुढचं सांगायला नको. जायचंच असेल तर पंप घेऊन जा, घेत घेत परत या.

सुंदराबाई
दमा समजून दुसरंच निघतं असंही होतं ना?

तान्हुला
हो. थोडक्यात ओळखायच्या खुणा. एकदम टोचल्यासारखी छातीच्या एका बाजूला कळ आणि धाप: फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत साठलेली असू शकते. आडवं झालं की धाप, पायावर सूज, वय पन्नास-साठच्या पुढं: हृदय. गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर धापेबरोबर अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणे, उलटी: ही ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया, इथं मांडीत ॲड्रिनालिनचं इंजेक्शन लागतं, नुसत्या पंपावर राहू नका. हे सगळे दवाखान्याचेच आहेत, त्यामुळे "दमा आहे की नाही" ठरत नाही म्हणून घरी थांबायला कारण उरत नाही.

कुंभारीकर
विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचं वेगळं असतं म्हणतात.

केसपेपर
त्यांचा बहुधा सीओपीडी (धुरानं फुप्फुसं कायमची खराब होण्याचा आजार) असतो. लक्षणं दिसली की निघायचं हे तसंच, फरक प्राणवायूत. त्यांना ८८ ते ९२ वर ठेवतात, जास्त सोडला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. घरात सिलिंडर असेल तर घाबरून नॉब पूर्ण फिरवू नका. डॉक्टरला "वीस वर्षं विडी" हे आधी सांगा. लूमवर किंवा सूतगिरणीत काम असेल तर तेही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि आठवडाभरात कमी होते, अशी तऱ्हा असेल तर तो कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो, त्याचं औषध नुसता पंप नाही.

वाफारा
दवाखान्यातून सोडल्यावर दोन दिवसांत परत आणावं लागणारे बरेच असतात, कारण एकच. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या बंद. मोठ्यांना प्रेडनिसोलोन साधारण ४०-५० मिलिग्रॅम रोज, पाच ते सात दिवस देतात, मुलांना वजनावर, तीन ते पाच दिवस. चिठ्ठीवर जितके दिवस तितके पूर्ण. सकाळी, जेवणानंतर. शुगरवाल्यांनी ते दिवस शुगर तपासत राहायची, वाढतेच. मोठ्यांनी आठवड्याच्या आत, मुलांनी एक-दोन दिवसांतच परत दाखवायचं. आणि त्या भेटीत नुसता निळा पंप लिहून मिळाला, तर रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाचं विचारा. नुसत्या निळ्यावर दमा सांभाळायचा सल्ला जागतिक गाइडलाइनमधून २०१९ मध्येच काढून टाकलाय. वर्षात तीन किंवा जास्त निळे पंप लागतायत म्हणजे दमा काबूत नाही. बारा लागत असतील तर जिवाला धोका आहे असं ती गाइडलाइनच म्हणते. महाग पडतो म्हणून सोडू नका, जनऔषधी केंद्रात विचारा.

सातरस्ता
छान जमलं. एक राहिलं: शाळेत, गाडीत पंप ठेवायचा तर?

वाफारा
शाळेच्या दप्तरात ठेवा, नाव लिहून, आणि वर्गशिक्षकांना एकदा मारून दाखवा. कपाटात कुलूप लावून ठेवलेला पंप चावी सापडेपर्यंत उपयोगाचा नाही. गाडीच्या डिकीत मात्र नको. पंप तीस अंशांच्या आत ठेवायचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडते, डिकीत किती होत असेल बघा. डबा दाबाखाली असतो, फुटू शकतो. फ्रीजमध्ये पण नको, गार डब्यातून पफ नीट येत नाही.

दयानंदकट्टा
डिकीतला आत्ताच काढला. रबरबँड पण लावला.